साठवलेल्या जागांचे यंत्र : एक परीक्षण

हातात मावणाऱ्या जीपीएस यंत्राविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक उपग्रहांविषयी असते. उपग्रहांतील अणुघड्याळे, सापेक्षतावादाची दुरुस्ती, निदान चार उपग्रहांपासूनची अंतरे आणि त्यांवरून निघणारी आपली जागा, हा भाग विज्ञान-शिक्षकांना आता अपरिचित नाही. आम्हाला येथे लिहायचे आहे ते याच यंत्राच्या एका दुर्लक्षित अंगाविषयी. यंत्राला जागा कळली, पुढे काय? ती कोठे ठेवायची, कोणत्या नावाने ठेवायची, आणि नकोशी झाली की तिचे काय करायचे? हे काम कारकुनी वाटते आणि म्हणून ते वर्गातल्या सर्वांत हौशी मुलाकडे सोपवून शिक्षक मोकळे होतात. आम्हीही तेच केले होते. आज आमचे मत असे झाले आहे की, शाळेत हे यंत्र कामाला येईल की कपाटात जाईल हे आकाशातल्या उपग्रहांवर फारसे अवलंबून नाही. ते यंत्रातल्या यादीवर अवलंबून आहे.

ही यादी आज ज्या रूपात दिसते ते रूप एका खेळाने घडवले आहे. १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर केले की, नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक त्या मध्यरात्रीपासून बंद होईल. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला आपली जागा सुमारे १०० मीटरांच्या आत कळे. ती आता १०-२० मीटरांच्या आत कळू लागली, आणि पुढे यंत्रे सुधारली तशी आणखी जवळ. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू टाकल्या आणि तिची जागा संगणकांच्या जाळ्यावर कळवली : ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर, १२२ अंश २४.८०० मिनिटे पश्चिम. शोधणाऱ्याने वहीत नाव लिहावे, एक वस्तू घ्यावी, एक ठेवावी. काही दिवसांतच ती बादली सापडली आणि महिनाअखेर या खेळाला जिओकॅशिंग असे नाव मिळाले. यातील कॅश म्हणजे रोकड नव्हे. तो दडवून ठेवलेला साठा. उच्चार एकच असल्यामुळे आमच्या मुलांची पहिल्या दिवशी थोडी निराशा झाली.

खेळ वाढला तसे यंत्र बनवणाऱ्यांनी त्याच्यासाठी स्मरणात वेगळा कप्पा केला. आपण स्वतः उभे राहून नोंदवलेल्या जागा एका यादीत, खेळातल्या डब्यांच्या जागा दुसऱ्या यादीत. डब्याच्या प्रत्येक नोंदीला सांकेतिक क्रमांक असतो, शोधण्याची काठिण्यपातळी १ ते ५, वाट किती अवघड हेही १ ते ५, डब्याचा आकार, एखादी सूचक ओळ आणि आधी येऊन गेलेल्यांचे अभिप्राय. जागेवर पोहोचल्यावर यंत्र विचारते : सापडला, की सापडला नाही? आपण कळ दाबतो आणि नोंद ‘झाले’ या सदरात जाते. खेळाडूच्या दृष्टीने रचना चोख आहे. त्याचा प्रश्न एवढाच असतो की जवळचा, अजून न शोधलेला डबा कोणता. उत्तर मिळाले की जुनी नोंद त्याला अडगळ वाटते. ती पुसण्याची सोय यंत्रात हाताशी असते आणि ती जपून ठेवण्याची सोय मात्र शोधावी लागते.

शाळेचा प्रश्न नेमका उलट आहे. शाळेला तीच जागा पुन्हा पुन्हा हवी असते.

छत्रपती संभाजीनगरातील मुकुंदवाडी हा भाग आता शहरात मिसळून गेला आहे. जालना रस्ता, लोहमार्ग, सिडकोची वसाहत आणि चिकलठाण्याचा विमानतळ यांच्या सान्निध्यात जुन्या गावठाणाच्या खुणा अजून शोधता येतात. २०२३ च्या उन्हाळ्यात तेथील एका शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांबरोबर आम्ही भागातले जुने आड, विहिरी आणि हापसे नोंदवायला निघालो. पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी या शहरात येते, पण वर्षानुवर्षे नळाला ते काही दिवसांच्या अंतराने येत आलेले. त्यामुळे घराजवळ पाण्याचा दुसरा कोणता ठाव आहे हा प्रश्न मुलांना पुस्तकी वाटला नाही. त्यांनी ३७ जागा नोंदवल्या. जेथे उघडा आड होता तेथे मोठ्या माणसाला सोबत घेऊन दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मोजायचे आणि पाणी किती खाली गेले ते पाहायचे, असा बेत होता.

जागा नोंदवताना यंत्र आपण होऊन नाव देते : ००१, ००२, ००३. मुलांनी ती नावे बदलायचे ठरवले आणि पहिली अडचण आली. आमच्या यंत्राच्या कळफलकावर देवनागरी नव्हती. ‘आड’ हा दोन अक्षरांचा शब्द रोमन लिपीत कोणी एक ए घालून लिहिला, कोणी दोन ए घालून. यंत्र यादी वर्णानुक्रमे लावते, तेव्हा सख्खे शेजारी असलेले दोन आड यादीच्या दोन टोकांना गेले. शिवाय एका गटाने घरमालकाच्या नावाने नोंदी केल्या, दुसऱ्याने गल्लीच्या नावाने. आम्ही कंटाळून म्हणालो, राहू द्या क्रमांकच, वर्णन वहीत लिहा. योगायोगाने हा निर्णय बरा ठरला, पण त्या वेळी त्यामागे विचार नव्हता, आळस होता.

नाव बदलते, हे या शहराच्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको. आमच्याच जुन्या फाइलींत ‘औरंगाबाद’ने सुरू होणाऱ्या नोंदी आहेत, २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे बदलल्यानंतरच्या नोंदी दुसऱ्या अक्षराखाली आहेत. अक्षांश-रेखांश दोन्हींत तेच. जागेची ओळख क्रमांकाने ठेवावी आणि नाव हे केवळ तिला चिकटवलेले लेबल समजावे, ही ग्रंथालयातली जुनी रीत येथेही लागू पडते. क्रमांक एकदा दिला की तो पुन्हा दुसऱ्या जागेला द्यायचा नाही. आड बुजला तरी नाही. यंत्र मात्र हे पाळत नाही. काही यंत्रांत मधली नोंद पुसली की रिकामा झालेला क्रमांक पुढच्या नोंदीला मिळतो, आणि मग २०२३ चा ००९ म्हणजे विहीर आणि २०२५ चा ००९ म्हणजे बसथांबा.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. यंत्र जागा साठवते तेव्हा अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ साठवते. त्या क्षणी पडद्यावर आणखी एक आकडा दिसत असतो : अंदाजे त्रुटी, समजा ५ मीटर. हा आकडा आम्ही वापरलेल्या यंत्राने नोंदीबरोबर ठेवला नाही. कळ दाबताच तो गेला. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने लांबी लिहिली आणि मोजमापातली अनिश्चितता लिहिली नाही, तर आपण त्याचे गुण कापतो. येथे यंत्रच ती टाकून देते, आणि शिवाय उत्तर मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत छापते. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे १.८५ मीटर, आणि आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे १.७४ मीटर. आकडा पाहणाऱ्याला वाटते की जागा पावणेदोन मीटरांपर्यंत पक्की आहे. मोबाइलमधील काही कार्यक्रम अंशाचे सहा-सात दशांश स्थळांपर्यंत आकडे दाखवतात. सातवे स्थळ म्हणजे सेंटिमीटरभर अंतर! हातातल्या साध्या यंत्राला एवढे कळत नाही. शेवटचे दोन-तीन अंक केवळ शोभेचे.

या त्रुटीशी एक सुंदर गणित जोडलेले आहे आणि ते नववीच्या मुलांना सहज समजते. पहिल्या वेळी नोंदवताना ५ मीटरांची त्रुटी. दुसऱ्या वेळी त्या जागी परत जाताना यंत्राची त्या दिवसाची पुन्हा ५ मीटरांची त्रुटी. दोन्ही एकमेकींवर अवलंबून नाहीत असे मानले तर एकत्रित अनिश्चितता दहा होत नाही आणि पाचही राहत नाही. पाचाचा वर्ग अधिक पाचाचा वर्ग यांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७ मीटर. सात मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ दीडशे चौरस मीटरांहून थोडे अधिक भरते. मुलांनी आपला वर्ग मोजला तर तो ६ मीटर गुणिले ८ मीटर निघाला. म्हणजे यंत्र ‘पोहोचलात’ म्हणते तेव्हा शोधायचे क्षेत्र तीन वर्गखोल्यांएवढे असते. जिओकॅशिंगच्या खेळात यालाच तर मजा आहे. शेवटचा शोध डोळ्यांनी घ्यायचा असतो. मोजणीच्या कामात ही मजा परवडत नाही.

यावर यंत्रातच एक उपाय असतो : सरासरी. एकाच जागी उभे राहून यंत्राला काही मिनिटे वाचने घेऊ द्यायची आणि सरासरी साठवायची. सोय उपयुक्त आहे, पण पुस्तिकेत तिचे जे कौतुक असते त्यातले निम्मे कापून घ्यावे. शंभर वाचने घेतली की त्रुटी दहापट कमी, हा वर्गमुळाचा नियम स्वतंत्र वाचनांना लागू आहे. सलग पाच मिनिटांत आकाशातले उपग्रह जवळजवळ त्याच मांडणीत असतात, शेजारच्या इमारतीवरून होणारे परावर्तनही तेच असते. तेव्हा पहिल्या वाचनाची चूक शंभराव्या वाचनातही बरीचशी तशीच राहते. पाच मिनिटे सलग उभे राहण्यापेक्षा आज सकाळी दोन मिनिटे आणि उद्या दुपारी दोन मिनिटे हे अधिक चांगले. मुलांना हे पटवायला एक सोपा प्रयोग आहे. शाळेच्या पटांगणात चुन्याने एक फुली मारा आणि आठवडाभर रोज वेगवेगळ्या तासाला तिच्यावर यंत्र ठेवून वाचन लिहा. आलेखकागदावर ठिपक्यांचा जो पुंजका उमटतो तोच आपल्या यंत्राचा खरा दाखला. विक्रेत्याच्या कागदावरचा नव्हे.

२०२५ च्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. तत्पूर्वी यंत्राची ‘साफसफाई’ झाली होती. मधल्या काळात प्रात्यक्षिकासाठी आम्हीच परदेशातील काहीशे डब्यांच्या जागांची एक फाइल यंत्रात घातली होती. यादी उघडली की तीच दिसे. एका विद्यार्थ्याने ती पुसायला घेतली. यंत्राच्या पडद्यावरून एकेक नोंद काढली, यंत्र बंद करून चालू केले, आणि सर्व नोंदी पुन्हा हजर. त्याला वाटले यंत्र बिघडले. वास्तविक बिघाड नव्हता. अशा यंत्रांत पडद्यावरची यादी ही स्मरणातल्या फाइलीची केवळ प्रतिमा असते. यंत्र चालू होताना फाइल पुन्हा वाचते आणि यादी पुन्हा तयार करते. प्रतिमेतून पुसले तरी मूळ फाइल जागेवरच. हे लक्षात आल्यावर त्या हुशार मुलाने यंत्र संगणकाला जोडले आणि फाइलींचा तो संपूर्ण कप्पाच रिकामा केला. डबे गेले. त्यांच्याबरोबर आमच्या ३७ जागाही गेल्या, कारण त्याही त्याच कप्प्यात, तारखेच्या नावाच्या एका लहान फाइलीत होत्या.

या प्रसंगी मुलावर रागावणे सोपे होते. परंतु दोष त्याचा नाही. आपण नोंदवलेले निरीक्षण आणि बाहेरून आणलेली माहिती एकाच कप्प्यात ठेवणारी रचना, आणि पडद्यावर मात्र त्या दोन वेगळ्या जागी दाखवणारी मांडणी, हा या यंत्राचा आमच्या मते सर्वांत मोठा दोष आहे. पाहणाऱ्याला जे वेगळे दिसते ते आत एकत्र आहे. आणि आमचा दोष हा की त्या फाइलीची दुसरी प्रत आम्ही काढली नव्हती. ही फाइल साध्या मजकुराची असते, जीपीएक्स या खुल्या पद्धतीने लिहिलेली. ही पद्धत २००२ मध्ये रूढ झाली आणि तिची २००४ ची सुधारित आवृत्ती आजही चालते. कोणत्याही संगणकावर ती उघडून वाचता येते. ३७ जागांची फाइल एका छायाचित्रापेक्षा कितीतरी लहान असते. प्रत काढायला अर्धे मिनिट पुरले असते.

आमची अब्रू वाचवली ती एका मुलीच्या वहीने. २०२३ मध्ये तिने प्रत्येक जागेचे आकडे पडद्यावरून पाहून हाताने उतरवले होते. वही मिळाली, आकडे मिळाले, आणि नवेच कोडे समोर आले. यंत्र अंश आणि दशांशांतील मिनिटे दाखवत होते. वहीत मात्र काही ठिकाणी अंश, मिनिटे, सेकंद अशी रचना दिसत होती, कारण भूगोलाच्या पुस्तकात तशीच असते. मुकुंदवाडीचा अक्षांश १९ अंश ५२ मिनिटांच्या आसपास आहे. समजा यंत्रावर १९ अंश ५२.३५६ मिनिटे होते. घाईत दशांश चिन्ह पुसट झाले आणि वाचणाऱ्याने ५२ मिनिटे ३५.६ सेकंद असे घेतले. ०.३५६ मिनिट म्हणजे खरे तर २१.४ सेकंद. फरक १४ सेकंदांहून थोडा अधिक, म्हणजे जमिनीवर सुमारे ४४० मीटर. आड जालना रस्ता ओलांडून सिडकोच्या दिशेला जाऊन बसतो!

कोणती नोंद कोणत्या पद्धतीची हे कसे ओळखायचे, यावर मुलांनीच युक्ती काढली. सेकंद ६० च्या पुढे जात नाहीत. तेव्हा मिनिटांनंतरचे पहिले दोन अंक ६० किंवा अधिक असतील, तर ती दशांश मिनिटेच असणार. आकडे विखुरलेले असतील तर सुमारे दोन-पंचमांश नोंदी अशा एका झटक्यात निकालात निघतात. आणि अक्षांश व रेखांश हे दोन्ही तपासले तर, एका नोंदीत दोन्हींची पद्धत एकच धरून, सुमारे दोन-तृतीयांश. उरलेल्यांसाठी प्रत्यक्ष जाऊन पाहणे हाच मार्ग. तीन नोंदी चुकीच्या उतरवलेल्या निघाल्या. इतके झाल्यावर त्या मुलांना अंश-मिनिटांचे रूपांतर कोणी शिकवायची गरज उरली नाही.

याच जातीची आणखी एक चूक अधिक खोल आहे आणि ती वहीत दिसतही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ नावाची वेगळी चौकट वापरते. दोन्ही चौकटींत एकाच जागेचे अक्षांश-रेखांश वेगळे येतात. आपल्या भागात हा फरक शंभर मीटरांहून अधिक भरतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठीचे नवे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आले, पण शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत जुनेच असण्याचा संभव अधिक. यंत्रात चौकट बदलण्याची सोय असते. कोणीतरी ती जुन्या नकाशाशी जुळवण्यासाठी बदलली आणि तशीच ठेवली, की पडद्यावरून उतरवलेले पुढचे सगळे आकडे सरकतात, आणि आकड्यांकडे पाहून ते कधीच कळत नाही. जीपीएक्स फाइलीत आकडे नेहमी डब्ल्यूजीएस-८४ मध्ये आणि दशांश अंशांत लिहावेत असा नियम आहे. वहीपेक्षा फाइल येथे शहाणी ठरते, हे मान्य केले पाहिजे.

वेळेचेही असेच. फाइलीतली वेळ ग्रिनिचशी जुळणारी जागतिक प्रमाणवेळ असते. आपली घड्याळे साडेपाच तास पुढे. सकाळी ८ वाजता केलेली नोंद फाइलीत २ वाजून ३० मिनिटांची दिसते, आणि पहाटे ५ ची नोंद आदल्या दिवशीच्या तारखेला जाते. फार जुने यंत्र वापरणाऱ्यांना आणखी एक गंमत अनुभवास येते. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्याचा क्रमांक १० द्विमान अंकांत लिहिला जातो, त्यामुळे १०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले. ज्या यंत्रांना ही दुरुस्ती मिळाली नाही ती साडेएकोणीस वर्षांहून अधिक मागची तारीख लावतात. जागा बरोबर, तारीख चुकीची. पाण्याची पातळी ज्यांना वर्षावर्षाने ताडायची आहे त्यांनी तारीख वहीतच लिहावी.

मग हा खेळ शाळेत जसाच्या तसा आणावा का? आमचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. मुकुंदवाडीला रेल्वे स्थानक आहे, विमानतळ जवळ आहे. ज्या देशात प्रत्येक स्थानकावर बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून सांगितले जाते, तेथे मुलांना डबे दडवायला आणि दडवलेले डबे उघडायला शिकवणे हा अविचार होय. बिबी का मकबऱ्यासारख्या संरक्षित वास्तूत तर ते मनातही आणू नये. शिवाय दगडाखाली हात घालण्याची सवय मराठवाड्यात विंचवाला भेटवते. खेळाचा जो प्रकार आपल्याला सोयीचा आहे त्यात डबा नसतोच. जागेवर जाऊन एका प्रश्नाचे उत्तर आणायचे असते. अमेरिकेतील भूवैज्ञानिक संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेल्या अर्थकॅश या प्रकारात प्रश्न खडकांविषयी, भूरूपांविषयी असतात. वेरूळच्या डोंगरापासून लोणारच्या विवरापर्यंत आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही. एक साधा प्रश्न आम्ही येथेच देतो : २० अंश उत्तर आणि ७५ अंश पूर्व या पूर्णांकांच्या रेषा जेथे छेदतात ती जागा वेरूळच्या पश्चिमेला सुमारे १८-१९ किलोमीटरांवर येते. तेथे काय आहे? शेतमालकाची परवानगी घेऊन जाऊन पाहावे.

यंत्र विकत घेताना एक सावधगिरी बाळगावी. उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची सोय असलेली यंत्रे दिसायला अगदी सारखी असतात, पण भारतात ती परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. केवळ जागा दाखवणारे यंत्र आणि संदेश पाठवणारे यंत्र यांतला फरक शिक्षकांनी खरेदीपूर्वी पाहून घ्यावा.

मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला, असे मुख्याध्यापक विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. आकाश उघडे असेल तर मोबाइलही पाचएक मीटरांच्या आत जागा सांगतो, प्रत आपोआप ठेवतो आणि देवनागरीही लिहितो. आमच्या दृष्टीने वेगळ्या यंत्राचा एकच शैक्षणिक गुण आहे : ते आकडा दाखवते. मोबाइल नकाशावर निळा ठिपका दाखवतो आणि मुलाला वाटते, मी येथे आहे. यंत्र आकडा दाखवते, आकडा हलत असतो, आणि मूल विचारते, मी उभा आहे तर आकडा का हलतो? या एका प्रश्नासाठी एक जुने यंत्र शाळेत असावे. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी मोबाइलवर आकडे व त्रुटी दाखवणारा एखादा कार्यक्रम घेऊन तेवढेच काम भागवावे. काही बिघडत नाही.

या यंत्रातली आम्हाला सर्वाधिक आवडलेली कळ, आश्चर्य वाटेल, पण ‘सापडला नाही’ ही आहे. शाळेतल्या प्रयोगवहीत अपयशाला रकाना नसतो. अपेक्षित उत्तर आले नाही तर मुले शेजाऱ्याचे उत्तर उतरवतात. येथे यंत्र स्वतःहून विचारते आणि न सापडण्याला सापडण्याइतकीच जागा देते. जेथे आड होता तेथे आता आड नाही, हे निरीक्षणच आहे, आणि पाण्याच्या अभ्यासात ते कदाचित अधिक मोलाचे. मात्र पडद्यावर शेवटचाच शेरा राहतो. आधीच्या भेटीचे शेरे पाहायचे तर भेटींची वेगळी फाइल उघडावी लागते, आणि ती फाइल आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

क्रमांक ०१४ ची हकीकत यासाठीच सांगायची आहे. वहीत वर्णन होते : ‘आड, पिठाच्या गिरणीच्या मागे, पाणी ९ मीटरवर.’ जून २०२५ मध्ये महापालिकेने मुकुंदवाडीत जालना रस्त्यालगतची बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. ती मोहीम योग्य की अयोग्य हा या लेखाचा विषय नव्हे. आमच्यापुरते घडले ते असे की, ज्या खुणांवर वहीतली वर्णने टेकली होती त्यांतल्या बऱ्याच खुणा उरल्या नाहीत. गिरणी नव्हती. गिरणीचा मागही नव्हता. शब्द निकामी झाले होते, आकडे तेवढे शिल्लक होते. मुलांनी ते यंत्रात घातले आणि यंत्राने त्यांना विटामातीच्या ढिगाजवळ नेऊन सोडले. तेथे दोन जागा संशयाच्या दिसल्या : एकीवर काँक्रीटचे झाकण, दुसरीकडे मातीतून डोकावणारा दगडी घडणीचा वळसा. मोजपट्टीने दोहोंतले अंतर ११ मीटर भरले, आणि यंत्र ज्या ठिकाणी ‘पोहोचलात’ म्हणाले ते साधारण दोहोंच्या मधोमध होते. दोन्ही आपल्या सात मीटरांच्या वर्तुळात.

२०२३ मध्ये त्या जागी यंत्राने किती त्रुटी दाखवली होती हे लिहून ठेवले असते, किंवा दोन वेगवेगळ्या दिवशी वाचने घेतली असती, तर कदाचित निवाडा झाला असता. एका वृद्ध बाई म्हणाल्या, झाकणाचा तोच. त्यांच्या दिराने सांगितले, झाकण बोअरचे आहे, आड पलीकडचा. मुलांनी दोघांचे म्हणणे वहीत उतरवले, कोणाचेही खोडले नाही. नव्या नोंदीसाठी आम्ही नवा क्रमांक द्यायला निघालो, तेव्हा ती वहीवाली मुलगी, जी आता दहावीत आहे, तिने थांबवले. तिने दोन्ही जागांवर यंत्र ठेवून वाचने घेतली, ०१४-अ आणि ०१४-ब अशी नावे दिली, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाच्या बुंध्यापासून दोहोंची अंतरे मोजपट्टीने मोजली आणि मूळ ०१४ पुढे लिहिले : सापडला नाही, सकाळी ८ वाजून १० मिनिटे, त्रुटी ६ मीटर. मे महिन्यात झाकण उघडायची परवानगी मिळते का, ते विचारायला शाळेने अर्ज केला आहे.